गांगुर्डे आलेख

हेमलता गांगुर्डे यांच्या नावाचा एक ताप होता. माणसांच्या नावाचे रस्ते असतात, शाळा असतात, फार तर एखादा बसथांबा असतो; पण कुणाच्या नावाचा ताप असल्याचं बोरदरा फाट्यावर कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळं द्राक्षवेल पॅकहाऊसमध्ये नवी बाई कामाला लागली की जुन्या बायका तिला पाळणाघर दाखवायला आणत आणि पाळण्यांच्या आधी ते सांभाळणाऱ्या हेमलता सिस्टरांकडं बोट दाखवत. ह्यांच्या नावाचा ताप हाये, मोठ्या डॉक्टरांच्या पुस्तकात छापलाय, असं सांगत. हेमलताबाई वरवर रागावून त्यांना कामाला पिटाळत, पण नंतर दिवसभर त्यांचा चेहरा खुललेला असे.

ते पुस्तक म्हणजे बालरोगतज्ज्ञांचं एक नियतकालिक होतं आणि त्या लेखावर पहिलं नाव होतं डॉ. शलाका गांगुर्डे, म्हणजे त्यांचीच एकुलती एक लेक. लेखाचं पहिलं पान प्लॅस्टिकमध्ये घालून पाळणाघराच्या भिंतीवर, लसींच्या तक्त्याशेजारी लावलं होतं. त्यावर लाल शाईतली एक रेघ होती. ती आधी खाली उतरायची, मग तळाशी जरा रेंगाळायची आणि पुन्हा वर चढायची. रेघेखाली लिहिलं होतं, ‘गांगुर्डे आलेख’. एकोणतीस वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून पायपीट केलेल्या बाईला निवृत्तीच्या वेळी गुलदस्ता आणि स्टीलचा डबा मिळाला होता, आणि लेकीनं हे दिलं होतं. तेव्हा थोडा तोरा आला असेल तर तो आपण समजून घेतला पाहिजे.

आता हा आलेख ज्या टिकलीनं काढला ती टिकली म्हणजे काय तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ताप हा आजार नव्हे, हे डॉक्टर मंडळी कधीपासून सांगत आली आणि आया तेव्हापासून घाबरतच आल्या. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक जागा असते. अंग किती ऊबदार ठेवायचं ते ती ठरवते. जंतू आत शिरले की रक्तातून तिला सांगावा जातो आणि ती म्हणते, आजपासून अठ्ठ्याण्णव नको, एकशे दोनवर चला. लगेच कातडीतलं रक्त आत ओढलं जातं, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते आणि अंग तापतं. ती आच पुष्कळशा जंतूंना सोसत नाही, आपल्या पांढऱ्या पेशींना मात्र तिनं जोर येतो. म्हणजे ताप शरीर स्वतःहून चढवतं आणि काम झालं की स्वतःहून उतरवतं. म्हणून जाणता डॉक्टर आकड्यापेक्षा लेकराकडं बघतो. ते खेळतंय का, पाणी पितंय का, लघवी होतेय का, श्वास कसा चाललाय, आईला ओळखतंय का. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर मात्र तो असला विचार करत बसत नाही, सरळ दवाखान्यात ठेवून घेतो.

अडचण एवढीच, की बहुतेक ताप साधे असतात, उरलेल्या मोजक्यांत न्यूमोनिया नाहीतर मेंदूज्वर दडलेला असतो, आणि पहिल्या दिवशी सगळे एकाच तोंडवळ्याचे दिसतात. शलाकानं त्यावर टिकली शोधून काढली. कपाळावर लावतात तेवढीच, फक्त ती लेकराच्या कानामागं चिकटवायची. ती दर मिनिटाला अंगाची ऊब, कातडीखालचं रक्त आणि नाडी मोजते आणि सोबतच्या छोट्या पडद्यावर तापाचा आलेख काढते. शलाकाचं म्हणणं असं, की प्रत्येक तापाची चाल वेगळी असते; किती भरभर चढला, कुठं थबकला, कसा उतरला, यावरून तो कुठला ते ओळखता येतं. लाखभर लेकरांचे आलेख दाखवून तिनं यंत्राला त्या चाली शिकवल्या. हिरवा दिवा लागला तर लेकरू खेळू द्या, पिवळा लागला तर लक्ष ठेवा, लाल लागला तर डॉक्टर गाठा. टिकली आली आणि साध्या सर्दीतापाला भारी औषधांचा मारा करण्याची खोड कितीतरी गावांत मोडली. आया शांत झोपू लागल्या. लेकीचा अभिमान वाटायला आईला आणखी काय लागतं?

या लाखातले पहिले चारशे आलेख हेमलताबाईंच्या पाळणाघरातले होते. त्यांतल्या बासष्ट आलेखांची चाल अगदी निराळी निघाली. लेकरू सकाळी साडेआठला येतं तेव्हा ताप आपला आपण उतरत असतो, दहापर्यंत अंग जवळजवळ निवतं, आणि दुपारी एकच्या सुमारास ताप पुन्हा चढतो. ही बासष्टही लेकरं तीन दिवसांत ठणठणीत बरी झाली होती. पुढं शलाकानं इतर पॅकहाऊसांत, सूतगिरण्यांच्या पाळणाघरांत शोधलं तर तिथंही हीच चाल. घरी राहणाऱ्या लेकरांत मात्र ती नव्हती. तेव्हा शलाकानं असा निष्कर्ष काढला, की आईच्या कामामुळं पहाटे उठवलेल्या लेकरांच्या शरीराचं घड्याळ सरकतं आणि त्यांच्या साध्या तापाला हे वळण लागतं. या आलेखाला तिनं आईचं नाव दिलं आणि यंत्राला शिकवलं, की हा दिसला की हिरवा दिवा लावायचा.

येत्या सोमवारी टिकली तीस हजार अंगणवाड्यांत जायची होती. नाशिकला मोठा समारंभ होता आणि पहिली टिकली हेमलताबाईंच्या हातून दिली जाणार होती.

त्याआधीच्या गुरुवारी द्राक्षं भरायच्या कामावरच्या वैजयंता शिरसाठनं आपल्या लेकीला, पिऊला, पाळणाघरात सोडलं.

पिऊ चौदा महिन्यांची. एरवी ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहायची आणि फाटकातून येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला ओरडून हाक मारायची. आज तिला जिथं बसवलं तिथंच ती बसून राहिली. टिकली लावली तेव्हा अंग नव्याण्णवच्या वर होतं, दहा वाजेपर्यंत ते आणखी उतरलं. नाडी जरा जास्त होती, पण या आलेखात ती असतेच असं यंत्र शिकलं होतं. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ‘गांगुर्डे आलेख. खेळू द्या, पाणी पाजा.’ आपलं नाव दिसलं की हेमलताबाईंना बरं वाटायचं, तसं आजही वाटलं. त्यांनी कुस्करलेलं केळं चमच्यात घेतलं आणि पिऊसमोर धरलं. पिऊनं तोंडसुद्धा वळवलं नाही.

ताप उतरला की साध्या तापातलं लेकरू खुलतं, वाटी ओढतं, चिडचिड का होईना पण करतं. ताप उतरूनही जे मलूल राहतं त्याच्यापासून हलायचं नाही, हे त्या एकोणतीस वर्षांत शिकल्या होत्या. त्यांनी लंगोट चाचपला तर तो सकाळपासून कोरडा. फ्रॉक वर केला तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत खेचली जात होती. मनगटावरच्या घड्याळावर त्यांनी पूर्ण एक मिनिट मोजलं. छप्पन्न. या वयाला चाळीस झाले तरी पुष्कळ होतात.

त्यांनी पिऊच्या तोंडाजवळ नाक नेलं. संत्र्याचा वास आला.

हा वास त्यांच्या ओळखीचा होता. पॅकहाऊसच्या दारात ताप मोजणारी एक कमान होती आणि तिच्याखालून जाताना लेकराचं अंग शंभरच्या वर भरलं तर ते आत यायचं नाही. बाकीच्या लेकरांना लागण नको म्हणून केलेला नियम, हेतू चांगलाच होता. पण घरी सांभाळायला कुणी नसलं की लेकराबरोबर आईही दारातूनच माघारी जायची. म्हणून आया निघण्याआधी तापाचं औषध पाजत, संत्र्याच्या वासाचं. तासाभरात अंग निवू लागे आणि कमान गप्प बसे. हेमलताबाईंना हे पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही, कुणाला पकडून दिलं नाही. फक्त आपल्या जवळच्या एका वहीत, ज्या लेकराच्या तोंडाला संत्र्याचा वास येई त्याच्या नावापुढं त्या पेन्सिलीनं एक ठिपका देत. दुपारी चुकून दुसरा डोस जाऊ नये, एवढ्यासाठी.

त्यांनी पॅकिंगच्या ओळीतून वैजयंताला बोलावून घेतलं. ती हातमोजे घालूनच धावत आली. औषध दिलंस का, असं विचारल्यावर तिनं देवाची शपथ घेऊन नाही म्हणून सांगितलं.

हेमलताबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "मी रागवायला नाही बोलावलं तुला. माझी शलू लहान असताना मीही तिला असंच औषध पाजून बालवाडीत सोडायची आणि लसीकरणाला जायची. मला फक्त वेळ सांग."

वैजयंतानं मान खाली घातली. "सातला, सिस्टर. एक झाकण. तीन दिस झाले, रोजच देतीये. दारातून माघारी लावतात ना."

सात वाजता औषध. साडेआठला ताप उतरतीला, दहाला अंग निवलेलं, एकला पुन्हा चढलेलं. हेमलताबाईंची नजर भिंतीवरच्या लाल रेघेवर गेली; तिची चालही हुबेहूब हीच होती. पण आत्ता त्यावर विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी पॅकहाऊसची जीप मागवली. व्यवस्थापक म्हणाले, हिरवा दिवा आहे ना, मग कशाला धावपळ. त्यांना उत्तर द्यायलाही त्या थांबल्या नाहीत.

जवळच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होता, नुकताच शिकून आलेला, बोलायला गोड. त्यानं आधी टिकलीचा पडदा पाहिला आणि हसून म्हणाला, "आजी, घाबरू नका. हा गांगुर्डे आलेख आहे. दुपारी जरा चढेल, मग आपोआप जाईल. आम्हाला परीक्षेला होता हा."

"डॉक्टर, मीच गांगुर्डे," हेमलताबाई म्हणाल्या. "तो आलेख बाजूला ठेवा आणि हिचा फ्रॉक वर करा."

पोरगा हुशार होता. पिऊची छाती पाहताच त्याचं हसू मावळलं आणि हात भराभर चालू लागले. पाच मिनिटांत प्राणवायूची नळी लागली, अर्ध्या तासात इंजेक्शन गेलं. छातीच्या एक्स-रेत उजवं फुप्फुस खालून पांढरं दिसत होतं, न्यूमोनिया होता. नंतर तो बाहेर येऊन बाकावर त्यांच्याशेजारी बसला आणि म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर मला काही करता आलं नसतं. आपण हिला घरी पाठवणार होतो, हे त्यानं दोनदा म्हटलं. हेमलताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी पाळणाघर सुटल्यावर त्या वही घेऊन बसल्या. बासष्ट आलेखांची यादी लेखाच्या मागच्या पानावर तारखांसकट होती. त्या एकेक तारीख वहीत शोधू लागल्या. ठिपका, ठिपका, ठिपका. बासष्टांपैकी एकोणसाठ नावांपुढं ठिपके होते. उरलेली तीन ज्या दिवसांतली होती त्या दिवसांत त्या रजेवर होत्या आणि वही कुणी भरलीच नव्हती.

त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्या नावाची हळहळ वाटली. वही त्यांची, पेन्सिल त्यांची, ठिपक्यांचा अर्थ जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. पाळणाघराच्या मागं वाळल्या पानांची शेकोटी धुमसत होती. त्या वही हातात घेऊन तिथवर गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

शनिवारी दुपारी शलाका घरी आली. समारंभात आईनं नेसावी म्हणून तिनं हातमागाची जांभळी साडी आणली होती. हेमलताबाईंनी साडीचं कौतुक केलं, तिला गरम भाकरी आणि मेथीची भाजी वाढली आणि पोटभर जेवू दिलं. हात धुवून ती बसली तेव्हा तिच्यासमोर वही ठेवली आणि पिऊपासून शेकोटीपर्यंत सगळं सांगितलं.

शलाकाला समजायला मिनिटही लागलं नाही. तिनं बोटानं ठिपके मोजले. मग आईपेक्षा स्वतःलाच समजावत असल्यासारखी ती सांगू लागली. औषध काही जंतूंशी लढत नाही. ते जाऊन मेंदूतल्या त्याच बदामाएवढ्या जागेला गप्प करतं. मग कातडीतलं रक्त मोकळं होतं, घाम येतो, अंग निवतं. ताप आपला आपण उतरताना शरीर हेच करतं. टिकलीला शरीर दिसतं, बाटली दिसत नाही. आणि ती सगळी लेकरं बरी का झाली? कारण जी फार आजारी होती ती औषधानंही शंभरच्या खाली आली नाहीत, दारातूनच परत गेली. साधा ताप तेवढा आत आला, आणि यंत्र शिकलं की हा आलेख म्हणजे साधाच ताप.

"मी शरीराचं घड्याळ शोधत बसले," ती म्हणाली. "एका बाईला विचारलं नाही. आणि तू, आई? सहा वर्षं तुला माहीत होतं?"

"औषध देतात हे माहीत होतं. त्याचा असा आलेख होतो हे कळलं नव्हतं. आणि तू त्याला माझं नाव दिलंस, मग मला बहुतेक कळून घ्यायचंच नव्हतं."

हे ऐकून शलाका उठली आणि अंगणातल्या पायरीवर जाऊन बसली. हेमलताबाईंनी भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. लेकीच्या सहा वर्षांच्या मेहनतीवर आपण पाणी ओतलं, या विचारानं त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. अर्ध्या तासानं शलाका आत आली. आता तिचा आवाज कामाचा होता. यंत्र दोन दिवसांत दुरुस्त करता येईल, हा आलेख दिसला की हिरव्याऐवजी पिवळा दिवा लागेल, कुणाला काही कळणारही नाही. सोमवार एवढा पार पडू दे.

"यंत्र सुधारेल," हेमलताबाई म्हणाल्या. "पण त्या पोराला कोण सांगणार? त्यानं परीक्षेसाठी पाठ केलाय. माझं नाव घेऊन तो पिऊला घरी पाठवत होता, शलू."

शलाकानं जांभळ्या साडीची घडी उगाचच उलगडून पुन्हा घातली. मग विचारलं, पिऊ कुठल्या वॉर्डात आहे.

रविवारी दोघी रुग्णालयात गेल्या. पिऊची नळी निघाली होती आणि ती वैजयंताच्या मांडीवर बसून शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं केळं बळकावायच्या बेतात होती. आपण कोण ते शलाकानं वैजयंताला सांगितलं नाही. पिऊच्या कानामागची टिकली तिनं अलगद काढली, आईचं घड्याळ मागून घेतलं आणि छातीकडं बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. हेमलताबाई बाजूला उभ्या राहून लेकीचे हलणारे ओठ बघत होत्या. ती पाच वर्षांची असताना त्यांनीच तिला उपकेंद्रातल्या बाकावर बसवून असे श्वास मोजायला शिकवले होते.

बत्तीस भरले. जिना उतरताना शलाका म्हणाली, "उद्या तू बोलशील, की मी?"

"आलेख माझ्या नावाचा आहे. मी बोलते."

सोमवारी हेमलताबाईंनी जांभळी साडी नेसली. सभागृह भरलं होतं. पुढं डॉक्टर आणि अधिकारी, मागं जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या अंगणवाडी सेविका. हेमलताबाईंना जन्मात कधी माइकवर बोलायची वेळ आली नव्हती. त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं, "माझ्या नावाचा आलेख खोटा आहे. तो तापाचा नाही, औषधाचा आहे." मग वही उघडून ठिपके दाखवले, पिऊचं सांगितलं, दारातल्या कमानीचं सांगितलं. स्वतः नर्स असून लेकीला औषध पाजून बालवाडीत कसं सोडलं, तेही सांगितलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली आणि एका अधिकाऱ्यांनी घड्याळाकडं बघितलं. तेव्हा हेमलताबाईंनी मागच्या रांगांकडं बघून विचारलं, तुमच्याकडं हे कुणी करतं का, आणि तुम्ही स्वतः केलंय का. अगदी मागं एक हात वर झाला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता मागच्या रांगांत हातच हात दिसू लागले, आणि पुढच्या रांगेतल्या एक पोक्त डॉक्टरीणबाईही इकडंतिकडं न बघता हात वर करून बसल्या. शलाका व्यासपीठावरून खाली उतरली होती. ती रांगांमधून चालत एकेक हात मोजत होती आणि तळव्यावर पेनानं आकडे लिहीत होती. त्या क्षणी हेमलताबाईंना लेकीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा भिंतीवरच्या त्या पानानं कधीच वाटला नव्हता.

टिकली त्या दिवशी अंगणवाड्यांत गेली नाही. शलाकानं लेख मागं घेतला आणि त्याचं कारण स्वतःच्या नावानं छापलं. पुढचं वर्ष-दीड वर्ष वाईट गेलं. मायलेकींच्या चुकीवर लोकांनी नको नको ते लिहिलं, शलाकाला मिळायची होती ती जागा दुसऱ्याला मिळाली, आणि पाळणाघरात नव्या बायकांना कुणी सिस्टरांकडं बोट दाखवेनासं झालं. हेमलताबाईंनी भिंतीवरचं पान स्वतःच काढलं आणि त्या जागी श्वास कसे मोजायचे त्याचा तक्ता लावला. एक हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. औषधाची वेळ विचारायची असेल तर आधी कमान काढा, नाहीतर बाया पुन्हा देवाची शपथच घेतील, असं त्यांनी पॅकहाऊसच्या मालकांना तोंडावर सांगितलं. कमान निघाली. पाळणाघराला लागून तापलेल्या लेकरांसाठी वेगळी खोली झाली आणि आयांना मधूनमधून येऊन बघायची मोकळीक मिळाली. संत्र्याच्या वासाचं निम्मं कारण तिथंच संपलं.

नवी टिकली आली ती या सगळ्यानंतर. ती चिकटवली की लगेच मोजायला लागत नाही. आधी पडद्यावर विचारते, तापाचं औषध दिलंय का, दिलं असेल तर किती वाजता आणि किती. उत्तर मिळाल्याशिवाय आलेखाची रेघ उमटत नाही, आणि हिरवा दिवा लागला तरी खाली ओळ येते, ‘आता लेकराकडं बघा, श्वास मोजा.’

त्यानंतर दोन वर्षांनी शलाका आईला घेऊन सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका अंगणवाडीत गेली. नवी टिकली तिथं कशी चालते ते तिला बघायचं होतं. हेमलताबाई तिथल्या सतरंजीवर कोपऱ्यात बसल्या. चोविशीतली एक नर्स कामावर होती, नाकीडोळी तरतरीत, हाताला झपाटा. एक तरुण आई पाठीवर पोर बांधून डोंगर उतरून आली होती. पोर तापलं होतं. हेमलताबाईंच्यानं राहवेना, त्यांनी जवळची टिकली उचलून नर्सपुढं केली.

"थांबा आजी," नर्स म्हणाली. "आधी गांगुर्डे करायचं असतं. त्याच्याशिवाय टिकली लावायची नाही."

हेमलताबाईंनी विचारलं, ते काय असतं.

"औषध किती वाजता दिलं ते विचारायचं, आणि विचारताना रागवायचं नाही. तशी आम्हाला शिकवणच आहे," नर्स म्हणाली आणि त्या आईकडं वळली. आईनं क्षणभरही न अडखळता सांगितलं, उजाडताना दिलं, पाच मिली, आणि त्याच्या आधी काल दिवस बुडताना. नर्सनं ते लिहिलं, टिकली लावली आणि घड्याळ काढून पोराचे श्वास मोजायला बसली.

शलाकानं तोंड उघडलं होतं, ह्याच त्या, म्हणून सांगायला. हेमलताबाईंनी तिचा हात घट्ट दाबला आणि तिला गप्प केलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते लेकीशिवाय कुणाला कळलं नाही.

श्वास मोजून झाल्यावर नर्सनं पाहुण्यांची वही पुढं केली. हेमलताबाईंनी आपलं पूर्ण नाव सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. नर्सनं ते वाचलं आणि मान वर केली.

"अगंबाई, तुमचं आडनावही गांगुर्डेच?"

"आमच्याकडं पुष्कळ आहेत," हेमलताबाई म्हणाल्या, आणि त्या पोराला मांडीवर घ्यायला त्यांनी हात पुढं केले.